सिंड्रेलाचा अंगठा : जुनी परीकथा नव्याने सांगायची रीत

परीकथा बाईच्या बाजूने पुन्हा लिहायला बसलं की बहुतेकांच्या पहिल्या खर्ड्यात राजकन्येच्या हाती तलवार येते. ती राक्षस मारते, राजपुत्राला नाही म्हणते आणि घोड्यावर बसून निघून जाते. वाचायला बरं वाटतं, पण कथा जागची हललेली नसते. राजपुत्राचं काम राजकन्येने केलं, एवढंच.

खरं काम लहान आहे आणि अवघडही. मूळ कथेत मुलीच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी घेतलेला निर्णय हुडकायचा आणि तो किंमतीसकट तिच्या हाती द्यायचा. बाकीची कथा जमेल तितकी तशीच ठेवायची. ते कसं करायचं ते खाली सांगितलं आहे. उदाहरणं खान्देशातली घेतली आहेत, कारण गाव ठरलं नाही तर असं लेखन हवेत राहतं.

आधी जुनी प्रत वाचा

आपल्या डोक्यातली सिंड्रेला बहुधा पडद्यावरची असते. तिच्यावरून लिहाल तर सिनेमाशी भांडाल, कथेशी नाही. निदान दोन जुनी रूपं शेजारी ठेवून वाचा.

फ्रान्सच्या शार्ल पेरोने १६९७ साली छापलेल्या कथेत परी आहे, भोपळ्याची गाडी आहे, काचेची चप्पल आहे. जर्मनीच्या ग्रिम बंधूंच्या संग्रहाच्या १८१९ च्या आवृत्तीत परी नाहीच. तिथे आईच्या थडग्यावर मुलीने स्वतः लावलेलं झाड आहे आणि त्यावरचा पक्षी तिला कपडे देतो. जोडा बसावा म्हणून एक बहीण पायाचं बोट कापते, दुसरी टाच. आणि दोन्ही कथांत बाप जिवंत आहे! ग्रिमच्या कथेत तर मुलगी लपली असेल म्हणून तो स्वतः कुऱ्हाड घेऊन कबुतरखाना आणि नासपतीचं झाड तोडतो. नंतर सांगणाऱ्यांनी बापाला मारून टाकलं आणि त्याची सुटका केली. तुम्ही तरी ती करू नका.

आवृत्त्यांमधले फरक म्हणजे आयतं खाद्य. हिमगौरीला छळणारी राणी ग्रिमच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत तिची सख्खी आई होती, १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. घरोघरी वाचायच्या पुस्तकात सख्खी आई दुष्ट दिसू नये, हा संपादकांचा हिशेब. लाल टोपीवालीला पेरोच्या कथेत लांडगा खातो आणि कथा तिथेच संपते, वर मुलींना उपदेशाच्या चार ओळी. ग्रिमच्या कथेत शिकारी तिला सोडवतो. पण फ्रान्सच्या खेड्यांत १९व्या शतकात तोंडी टिपलेल्या एका रूपात मुलगी लांडग्याला म्हणते, मला बाहेर जायचंय. तो तिच्या पायाला दोरी बांधून सोडतो, ती दोरी झाडाला बांधते आणि घर गाठते. म्हणजे हुशार मुलगी आपण नव्याने घालायची नाही, ती होतीच. छापताना गळली.

आपली म्हातारी आठवा. लेकीकडे निघालेली, वाटेत वाघ-कोल्हे, ‘जाडजूड होऊन येते, मग खा’ म्हणून सुटलेली आणि भोपळ्यात बसून परतलेली. पेरोचा भोपळा चालवायला परी लागते. आपल्या म्हातारीचा भोपळा बिनजादूचा आहे आणि तो ती स्वतःच टुणूक टुणूक पळवते. लाल टोपीवाली खान्देशात आणायची तर या म्हातारीला तिची आजी करा. निम्मं काम तिथेच झालं.

हक्कांचं थोडक्यात. पेरो-ग्रिमचा मूळ मजकूर सगळ्यांना खुला आहे. मराठी अनुवाद मात्र अनुवादकाच्या निधनानंतर ६० वर्षं राखीव असतो, म्हणून त्यातली वाक्यं उचलू नका. सिनेमाने घातलेली नावं, गाणी, बोलणारे उंदीरही टाळा. गावातल्या एखाद्या आजीकडून कथा घेतली तर तिला विचारून घ्या आणि नाव द्यायचं की नाही हे तिच्यावर सोडा.

चार रकाने

आता वही आडवी धरा आणि चार रकाने आखा : काय घडलं, कुणी ठरवलं, झळ कुणाला बसली, कुणाला ठाऊक होतं. कथेतल्या घटना एकेका ओळीत लिहा. बारा ते पंधरा ओळी होतात. वीसच्या पुढे गेलात तर तुम्ही वर्णनं लिहीत आहात, घटना नव्हे.

दुसरा रकाना भरताना पोटात गोळा येतो तो याच कारणाने, की आपल्याला वाटलेलं खोटं ठरतं. ग्रिमची सिंड्रेला वाटते तशी गरीब गाय नाही. बापाकडे फांदी तीच मागते, ती तीच लावते. राजाच्या उत्सवाला जायचं तीच म्हणते. तिन्ही रात्री राजपुत्राच्या हातून निसटते तीही स्वतःच. मग तिचं नाव कुठे नाही? तिला चुलीपाशी झोपायला लावलं, त्या ओळीत. आणि जोडा कुणाला बसतो ते पाहायला माणूस घरी आला, त्या ओळीत.

चौथा रकाना लोक गाळतात आणि तिथेच फसतात. ‘मुलीला चुलीपाशी टाकलं’ या ओळीसमोर चौथ्या रकान्यात काय लिहाल? बाप. त्याला सगळं ठाऊक होतं. कथेचा खरा काटा सावत्र आईत नाही, या गप्प बसलेल्या माणसात आहे.

एकच निर्णय बदला

रकाने भरले की एक ओळ निवडा. एकच. दोन बदलल्या तर परिणाम एकमेकांत गुंततात, तीन बदलल्या तर ऐकणाऱ्याला मूळ कथा ओळखूच येत नाही. मग तो नवी गोष्ट ऐकतो आणि जुनीशी ताडून बघण्यातली सगळी मजा जाते. पंधरातल्या दहा-अकरा ओळी ओळखीच्या राहिल्या पाहिजेत.

निवडताना पाहायचं ते इतकंच, की हा निर्णय तिने घेतला तर पुढच्या किमान तीन ओळी आपोआप हलतात का. हलत नसतील तर तो निर्णय शोभेचा आहे. ‘सिंड्रेलाने निळ्याऐवजी लाल झगा निवडला’ या बदलाने काहीच हलत नाही.

वस्तू बदलताना तिचं काम पाहा, रूप नको

इथे सगळ्यात जास्त खर्डे बिघडतात. काचेची चप्पल म्हटलं की काचेच्या बांगड्या, राजवाडा म्हटलं की पाटलाचा वाडा, नाच म्हटलं की गरबा. असे कपडे बदलून कथा गावची होत नाही.

चप्पल कथेत काय काम करते? ‘हीच ती’ असं ठरवते. दुसऱ्या कुणाला बसत नाही. मग खान्देशात एका बाईला दुसरीपासून वेगळं ठरवणारी वस्तू कोणती? पहिल्यांदा सुचते ती खापरावरची पुरणपोळी. हातावर फिरवत फिरवत पातळ केलेला तो मांडा प्रत्येकीचा वेगळा पडतो, खरंच आहे. पण तो घेतलात तर बाईची पारख पुन्हा स्वयंपाकावर आली, म्हणजे ज्या चुलीतून तिला काढायचं तिथेच तिला परत बसवलं. असले सापळे चविष्ट असतात म्हणूनच जपायचं.

दुसऱ्यांदा सुचतं ते जास्त कामाचं : अंगठा. अंगठ्याचा ठसा एकीचा दुसरीला बसत नाही, अगदी चपलेसारखा. आता ठसा कुठे मागतात ते पाहा आणि कथा आपसूक उलगडते.

वडिलोपार्जित शेतात मुलीला मुलासारखाच जन्माने हक्क आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली तशी दुरुस्ती झाली. तरीही लेकींकडून हक्कसोडपत्रावर सही-अंगठा घेणं घराघरांत चालू आहे आणि ते पत्र दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवलं जातं. आपल्या कथेत चुलीपाशी राबणारी ती राखुंडी. दातांना लावायच्या राखेचं नाव तिला घरातल्यांनी चिडवायला ठेवलेलं. बाप जिवंत आहे, शेत वडिलोपार्जित आहे. सावत्र आईच्या दोन मुली आधीच्या घरच्या. या शेतात त्यांना जन्माचा हक्क नाही. राखुंडीने हक्क सोडला की शेत बापाचं एकट्याचं होईल आणि मग तो ते कुणाच्याही नावे लिहून देऊ शकेल. सावत्र आई दुष्ट असायची गरजच उरली नाही. तिला दोन मुली आहेत आणि जमीन नाही, एवढं पुरे.

मूळ कथेतल्या तीन रात्री सोडू नका. त्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवसांत बसतात. लेकी माहेरी आलेल्या, झाडाला झोके बांधलेले, गौराईची गाणी चाललेली, आणि राखुंडी सगळ्यांसाठी रांधतेय. बाप तीनदा कागद पुढे करतो. पहिल्यांदा ती म्हणते हात पिठाचे आहेत. दुसऱ्यांदा, गौराईचं होऊ द्या. भुलाबाईच्या, म्हणजे भोंडल्यासारख्या खेळाच्या गाण्यात सासू सुनेला माहेरी धाडायचं टाळत राहते, आधी कारल्याचं बी पेर, मग वेल येऊ दे, मग फूल, मग भाजी. तीच चाल इथे मुलीच्या हाती द्या. ऐकणाऱ्या बाया हे लगेच ओळखतात, समजावून सांगावं लागत नाही.

तिसऱ्यांदा तालुक्याला जाणं. आणि इथे चपलेला उलटं वळण देता येतं. वर्षानुवर्षं राखेने भांडी घासून, कापूस वेचून तिच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या आहेत. यंत्र ठसा घेत नाही. रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही हे नवं नाही. म्हणजे चप्पल जिची, तिलाच बसत नाही! कारकून म्हणतो, सही येते का? कागद तिच्यापुढे सरकतो आणि ती तो पहिल्यांदा वाचायला घेते. वाचते, तेवढ्यात सगळे थांबलेले असतात. निर्णय इथे.

किंमत लगेच दाखवा. ती सही न करता घरी येते, बाप बोलणं टाकतो, चूल वेगळी होते. त्या चुलीतही राखच आहे.

एक चूक मात्र टाळायलाच हवी. हीच कथा अक्कलकुवा-धडगावच्या भिल्ल किंवा पावरा घरात तशीच नेऊन ठेवू नका. हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. तिथे मुलीच्या जमिनीचा प्रश्न वेगळ्या वाटेने जातो आणि कथेलाही वेगळा कागद लागतो.

झोपलेली मुलगी कापसाच्या मुलखात

झोपलेल्या राजकन्येच्या कथेत सगळे चुंबनाशी झटतात. न विचारता, झोपेत केलेलं चुंबन हा प्रश्न खरा आहे. इटलीच्या बाझीलेच्या, त्याच्या मृत्यूनंतर १६३४-३६ मध्ये छापलेल्या संग्रहातल्या रूपात तर राजा झोपेतच तिच्यावर बळजबरी करतो आणि तिला दोन मुलं होतात. पण पेरोच्या कथेत चुंबन नाही. शंभर वर्षं भरतात, राजपुत्र तेव्हा तिथे गुडघे टेकून असतो आणि ती जागी होते. ग्रिमच्या कथेत चुंबन आहे, पण शंभर वर्षं नेमकी त्याच दिवशी भरलेली असतात. त्याआधी आलेले सगळे राजपुत्र काट्यांत अडकून मेले. म्हणजे उठवलं काळाने, नाव राजपुत्राचं झालं. चुंबन काढून टाका, कथा जराही लंगडत नाही. दोन वाक्यांचं काम आहे, त्यासाठी अख्खा लेख खर्ची घालू नका.

चार रकाने भरले तर काटा दुसरीकडे सापडतो. चाती टोचेल असा शाप आला, राजाने राज्यातल्या सूत कातायच्या सगळ्या चात्या जाळायला लावल्या. चाती म्हणजे काय हे मुलीला कधीच कळलं नाही, म्हणून पंधराव्या वर्षी पहिली चाती दिसताच तिने हात लावला. तिला जाणू न देण्याचा निर्णयच तिला टोचला. चौथा रकाना पाहा : सगळ्या राज्याला ठाऊक होतं, ती सोडून.

ही कथा खान्देशात आणली की धारदार होते, कारण हा कापसाचा मुलूख. इथे एके काळी घरात चरखा, टकळी नसणं म्हणजे घरात मीठ नसणं होतं. राजाच्या हुकमाने चात्या जळाल्या तेव्हा पोट कुणाचं गेलं? सूत काततात त्या बायांचं. तिसऱ्या रकान्यात त्या आल्या की म्हातारी सूतकताई माळ्यावर एकटी का बसली होती, याचंही उत्तर मिळतं. ती चेटकीण नाही, तिने एक चाती लपवून ठेवली होती.

मुलीच्या हाती द्यायचा निर्णय : जिना चढण्याआधी तिने विचारणं. ‘राज्यात सूत नाही, तर माझ्या अंगावरचं कापड कुठून येतं?’ हा प्रश्न कथेच्या पहिल्या पानात पेरा, शेवटी नको. बोट टोचू द्या, रक्त येऊ द्या, झोपही येऊ द्या. झोप काढाल तर कथा कोसळते. बोटावरच्या रक्ताचा अर्थ मोठ्या बायकांना कळतो, वयात येणाऱ्या मुलीभोवती घरभर पाळलेलं मौन त्यांनी पाहिलेलं असतं. लहानांना तो सांगत बसू नका.

काट्यांचं कुंपण बोरी-बाभळीचं करा. मग ते तिला कोंडतंय की राखतंय, हे मात्र आधी स्वतः ठरवा. दोन्ही म्हणाल तर काटे नुसते सजावट होतात.

चेटकिणीला हात लावताना

शहरात चेटकीण ही गमतीची बाई आहे. सातपुड्याच्या पायथ्याला ती तशी नाही. नंदुरबारकडे बायकांना डाकीण ठरवून मारहाण, गावाबाहेर काढणं असे प्रकार घडत आले आहेत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असं कुणाला ठरवून छळणं हा गुन्हा केला आहे. अशा मुलखात म्हातारीला भट्टीत ढकलून मुलं टाळ्या वाजवतात ती हॅन्सेल-ग्रेटेलची गोष्ट जशीच्या तशी सांगता येत नाही.

दोन वाटा आहेत. एक, डाकीण हा शब्दच वापरायचा नाही आणि जंगलातल्या बाईला तिचं काम द्यायचं : मोह वेचते, वनस्पती ओळखते, बाळंतपणं करते. दुसरी, तो शब्द वापरायचा आणि तो पहिल्यांदा कुणाच्या तोंडून आला हे कथेतच दाखवायचं. अशा आरोपामागे बऱ्याचदा जमिनीचा वाद किंवा घरातलं आजारपण असतं. एकट्या विधवेकडे दोन एकर आहेत, दीराचा त्यावर डोळा आहे. मग ‘डाकीण’ म्हणणारा पहिला माणूस कोण, हे मुलांनाही ओळखता येतं.

तिला देवी मात्र करू नका. पूजा आणि दगड, दोन्ही तिला माणूस राहू देत नाहीत.

बोली

खान्देश म्हणजे एकच बोली नव्हे. धुळे, अमळनेर, चाळीसगावकडे अहिराणी. जळगाव, भुसावळ, यावल, रावेरच्या पट्ट्यात लेवा गणबोली. सातपुड्यात पावरी, मावची, भिलोरी. बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली होती. तिला अहिराणी म्हणून खपवलंत तर पहिला वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

नेहमीचा घोळ असा : निवेदन पुस्तकी, राजा पुस्तकी, आणि चुलीपाशी बसलेली मुलगी तेवढी अहिराणीत बोलते. मग बोली म्हणजे गरिबी, असं आपोआप सांगितलं जातं. म्हणून एकतर सगळं गाव बोलीत बोलू द्या, बापापासून पाटलापर्यंत, नाहीतर निवेदकच बोलीत सांगू दे. मला सगळ्यात चांगला वाटतो तो तिसरा मार्ग : निवेदन प्रमाण मराठीत, घरातलं बोलणं सगळ्यांचं बोलीत, आणि तालुक्याच्या कार्यालयात मात्र प्रमाण मराठी. कागदाची भाषा परकी आहे हे न सांगता कळतं. शब्द कमी पण नेमके घ्या. मुलीला ‘आंडेर’ म्हणणारा बाप आणि ‘काय शे?’ विचारणारी सावत्र आई पुरे. बोलणाऱ्या माणसाला वाचून दाखवल्याशिवाय बोलीतलं एकही वाक्य छापायला देऊ नका.

सुरुवात ‘आटपाट नगर होतं’ अशी करायची असेल तर सावध. ते व्रताच्या कहाणीचं दार आहे आणि ऐकणारा लगेच वाट पाहू लागतो : बाई वसा घेईल, पाळेल, फळ मिळेल. ही अपेक्षा मोडायची असेल तरच ते दार उघडा. ‘सुफळ संपूर्ण’वर शेवट केलात तर फळ कुणाला मिळालं याचा हिशेब द्यावा लागतो.

शेवट आणि लांबी

लग्न म्हणजे हार आणि एकटेपण म्हणजे जीत, असं समीकरण धरू नका. ती लग्नही करू शकते, अट इतकीच की विचारणारा कोण आणि उत्तर कुणाचं हे दिसावं. सगळ्या पुरुषांना शेवटी शिक्षा दिली तर बापाचं गप्प बसणं विसरलं जातं. त्याला शिक्षा नको, त्याला त्या कार्यालयात बाकावर बसलेला दाखवा.

लांबीचं माप कानाने घ्या. मोठ्याने वाचताना मिनिटाला साधारण १२० शब्द जातात. तिसरी-चौथीच्या वर्गासाठी ८०० ते ९०० शब्द, म्हणजे सात-आठ मिनिटं. मोठ्यांसाठी २,००० शब्दांपर्यंत चालतं. खर्डा झाला की उपदेशाची वाक्यं पेन्सिलीने अधोरेखित करा. ‘तिला कळलं की’, ‘त्या दिवशी तिने ठरवलं की’ अशी सुरुवात असलेली जवळपास सगळी निघू शकतात.

तपासायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे भुलाबाईचा महिना. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत संध्याकाळी मुली जमतात, गाणी होतात, मग झाकलेला खाऊ ओळखायचा असतो. खाऊच्या आधी कथा वाचा आणि निर्णयाच्या ओळीपाशी थांबून विचारा, आता ती काय करेल? सगळ्याजणींनी एका दमात बरोबर सांगितलं तर वळण शिळं आहे. एकीलाही जवळपास जाता आलं नाही तर आधीची पेरणी कमी पडली, पहिल्या पानावर परत जा. तीन-चार वेगवेगळी उत्तरं आली आणि मुली आपसात भांडू लागल्या तर वही बाजूला ठेवा आणि त्यांचं भांडण लिहून घ्या. तुमच्या कथेत नसलेला एखादा रकाना त्यात सापडतो, बहुतेक वेळा चौथा.